आपलं की त्यांचं?

एकाच मजकुरावर दोघांनी एकाच वेळी हात फिरवला, तर अखेर कोणाचं ठेवायचं? संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न कसा सोडवला, याचा इतिहास मला मोठा बोलका वाटतो.

१९७२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी प्रोग्रॅमच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवणारी 'एससीसीएस' ही प्रणाली तयार केली. तिथला शिरस्ता सरळ होता. एकजण फाइल दुरुस्त करत असेल, तर बाकीच्यांनी थांबायचं. भांडण नाही, पण खोळंबा भरपूर!

पुढे ॲमस्टरडॅममधले प्राध्यापक डिक ग्रून दोन विद्यार्थ्यांबरोबर एक कंपायलर लिहीत होते. तिघांच्या वेळा जुळेनात. त्या अडचणीतून 'सीव्हीएस' जन्माला आली आणि १९८६ मध्ये ती सर्वांना खुली झाली. आता ज्याने त्याने आपल्या प्रतीवर काम करायचं आणि नंतर प्रती जुळवायच्या. दोघांनी वेगवेगळ्या जागी बदल केले असतील, तर यंत्र ते बिनबोभाट एकत्र करतं. एकच ओळ दोघांनी बदलली असेल, तर मात्र ते दोन्ही मजकूर समोर ठेवतं आणि निवाडा माणसावर सोपवतं.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये 'गिट' लिहायला घेतलं. त्यात या निवाड्यासाठी दोन सुटसुटीत शब्द आहेत: 'अवर्स' आणि 'देअर्स', म्हणजे आपलं किंवा त्यांचं. एक आज्ञा दिली की वाद मिटला.

पण मित्रहो, खरी मेख इथेच आहे. अख्खी फाइल 'आपली' निवडली, तर समोरच्याने तिच्यात इतरत्र केलेल्या, ज्यांच्याबद्दल काही वादच नव्हता अशा दुरुस्त्याही जातात. फक्त वादाच्या ओळींपुरती बाजू घेण्याची सोय वेगळी असते. शिवाय 'रीबेस' करताना आपलं काम दुसऱ्याच्या कामावर नव्याने रचलं जातं. तेव्हा 'आपलं' म्हणजे त्यांचं ठरतं, आणि 'त्यांचं' म्हणजे आपलं!

वगळलेला मजकूर इतिहासात शिल्लक असतो, हा दिलासा खरा. पण यंत्राच्या लेखी दोन्ही बाजू जुळलेल्या असतात. पुढच्या जुळवणीत ती गेलेली दुरुस्ती आपणहून परत येत नाही. कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

म्हणून मला वाटतं, बाजू जरूर निवडावी. घाईच्या कामात ती निवडावीच लागते. मात्र त्याआधी दुसऱ्याने काय लिहिलं होतं ते वाचावं, आणि जमल्यास का लिहिलं होतं, हे त्यालाच विचारावं.