फिलाडेल्फियाची पदवी

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना एम.डी. पदवी दिली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पण अवघ्या सहा वर्षांपूर्वी त्याच शहराच्या नावाला कसला डाग लागला होता, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. आज त्याविषयी बोलायचे आहे.

फिलाडेल्फिया म्हणजे अमेरिकेतील वैद्यकशिक्षणाचे माहेरघर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची वैद्यकशाखा १७६५ सालची, त्या देशातील सर्वांत जुनी. पुढे १८२४ मध्ये जेफरसन महाविद्यालय निघाले. १८४८ मध्ये कॉन्स्टंटाइन हेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होमिओपॅथीचे महाविद्यालय काढले. आम्ही होमिओपॅथ हेरिंगांचे नाव आजही आदराने घेतो. १८५० मध्ये स्त्रियांचे महाविद्यालय सुरू झाले. या सगळ्यांच्या पुण्याईने ‘फिलाडेल्फियाचा डॉक्टर’ या शब्दांना वजन आले.

या वजनावरच जॉन बुकॅनन याने दुकान थाटले. तो तिथल्या एक्लेक्टिक मेडिकल कॉलेजचा अधिष्ठाता होता. संस्था कागदोपत्री खोटी नव्हती. तिला राज्याच्या विधिमंडळाची सनद होती आणि आरंभी तिथे खरे वर्गही भरत. पुढे वर्ग नावापुरते उरले आणि पदव्यांची विक्री हाच धंदा झाला. पैसे पाठवावेत आणि टपालाने शिक्क्यानिशी प्रमाणपत्र घ्यावे, असा व्यवहार. या पदव्या समुद्रापलीकडे युरोपातही गेल्या.

१८८० मध्ये ‘फिलाडेल्फिया रेकॉर्ड’ या वृत्तपत्राचे संपादक जॉन नॉरिस यांनी वेगवेगळ्या नावांनी पदव्या विकत घेतल्या आणि पुराव्यासह प्रकरण उघडे केले. बुकॅननला अटक झाली. जामिनावर सुटताच त्याने डेलावेअर नदीत उडी घेऊन जीव दिल्याचा बनाव रचला. प्रत्यक्षात नावेतून उडी मारणारा दुसराच होता. बुकॅनन पुढे मिशिगन राज्यात सापडला आणि त्याला शिक्षा झाली.

विकणारा तुरुंगात गेला, पण विकलेले कागद भिंतींवर तसेच राहिले. दूरच्या गावातल्या रुग्णाला सगळ्या प्रमाणपत्रांवर एकच शहर, एकच राज्य, तीच लॅटिन अक्षरे आणि तसाच शिक्का दिसे. त्याने खरे-खोटे ओळखायचे कसे? मग तो सगळ्यांवरच संशय घेई. बुकॅननचा पंथ एक्लेक्टिक होता, होमिओपॅथीचा नव्हे. पण हा फरक सामान्य माणसाला कोण समजावणार?

आमच्या जैन आचारात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल मालात हुबेहूब दिसणारा नकली माल मिसळून विकणे. याची गणना खोटे बोलण्यात न करता चोरीत केली आहे, आणि ते मला फार मार्मिक वाटते. न कमावलेल्या पदवीत चोरी कोणाची होते? रात्र रात्र जागून शवविच्छेदन शिकलेल्या विद्यार्थ्याची. त्याचा कागद त्याच्याजवळच राहतो, पण त्या कागदावरचा लोकांचा विश्वास चोरीला जातो.

तो विश्वास परत आला तो संस्थांच्या खुलाशांनी नव्हे, तर नोंदी उघड्या ठेवल्याने. इलिनॉय राज्याने १८७७ मध्येच कायदा करून कोणत्या महाविद्यालयाची पदवी मानायची हे तपासायला सुरुवात केली होती. पेनसिल्व्हेनियाने १८८१ मध्ये डॉक्टरांची नोंदणी सक्तीची केली. १८८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा असा अधिकार मान्य केला. त्याच १८८१ साली महिला महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांनी आपल्या माजी विद्यार्थिनींना प्रश्नावली पाठवली. कुठे काम करता, कसले करता, हे विचारले आणि आलेली उत्तरे जाहीर केली. हे बुकॅनन प्रकरणामुळेच केले असे मी म्हणत नाही. पण आमच्या पदवीची किंमत आमच्या विद्यार्थिनींचे काम पाहून ठरवा, असे सांगण्याची धमक त्यात होती.

म्हणून आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर नेमले, ते मला महत्त्वाचे वाटते. सातासमुद्रापलीकडच्या एका कागदावर ठेवलेला तो विश्वास होता. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पण त्या पदवीमागचे कष्ट खरे होते, म्हणून ती आजही आपल्याला भूषण वाटते.

आपल्या देशात १९१६ मध्ये वैद्यकीय पदव्यांचा कायदा आला. होमिओपॅथीसाठी केंद्रीय परिषदेचा कायदा मात्र १९७३ चा. तरी कुठे विकत घेतलेल्या पदव्यांची बातमी आली की दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात एखादा रुग्ण भिंतीवरच्या चौकटीकडे जरा जास्त वेळ पाहतो. मला त्याचा राग येत नाही. त्याने पाहावेच, विचारावेही. राग येतो तो प्रकरण दडपून विद्यापीठाची अब्रू वाचते असे मानणाऱ्यांचा. बनावट पदवी सापडली, तर ती नावानिशी रद्द करावी आणि तसे जाहीर करावे. प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांचे एवढे देणे प्रत्येक विद्यापीठ लागते.