पत्रातला डाव आणि बगलेची सुरुवात

पत्राद्वारे खेळल्या गेलेल्या डावांचे बुद्धिबळाच्या इतिहासातील स्थान स्वतंत्र आहे. १८२४ ते १८२८ या काळात लंडन व एडिंबरो येथील मंडळांत झालेला सामना एडिंबरोने जिंकला. टपालात पडलेली एक चाल मागे घेण्याची लंडनची विनंती त्यात अमान्य झाली. लिहून धाडलेला शब्द हाच खेळाचा कायदा ठरला. १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यातही असा सामना झाला.

राजापुढचे प्यादे सारून पटाचा मध्य थेट काबीज करावा, ही त्या काळची रूढ रीत. १८४३ साली पॅरिसमध्ये हॉवर्ड स्टाँटनने सँ-आमाँविरुद्ध वजिराच्या उंटापुढचे प्यादे हलवून बगलेची वाट चोखाळली. ‘इंग्लिश’ सुरुवात ती हीच. १९२४ साली न्यू यॉर्क येथे पांढरी मोहरी घेऊन रिचर्ड रेटीने बगलेच्या सुरुवातीनेच कापाब्लांकाला नमविले. आठ वर्षांतला जगज्जेत्याचा तो पहिला पराभव. मध्य व्यापण्याऐवजी त्यावर कर्णावरच्या उंटाने दुरून धाक ठेवणे, हे या पद्धतीचे मर्म.

पत्राच्या डावात हे मर्म कसाला लागते. प्रतिस्पर्ध्यापाशी विचाराला दिवस असतात, हाताशी ग्रंथ असतात. नुसता चकवा तेथे टिकत नाही. म्हणून अशा सुरुवातीने पांढऱ्याने मिळविलेला विजय हा त्या सुरुवातीमागील विचाराचाच विजय ठरे. आज संगणकाचे साह्य नियमांनाच मान्य असल्याने अव्वल पत्री स्पर्धांतील बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. जुन्या डावांत माणसाच्या चुकीला जागा होती; म्हणूनच त्याच्या धीरालाही मोल होते.