वाळवंटातला एकटा प्रवासी



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर झाले. त्यामुळे इतिहास वाचताना मला एक खोड जडली आहे. पराक्रम कोणी केला एवढ्याने माझे समाधान होत नाही; त्याच्या वाटेवर पाणी कोणाचे होते, हेही मला विचारावेसे वाटते.

आज हा प्रश्न मी ऑस्ट्रेलियातल्या एका सायकलस्वाराविषयी विचारणार आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डी येथे 1892 साली सोने सापडले आणि त्या ओसाड मुलखात माणसांची रीघ लागली. याच गावातून 24 नोव्हेंबर 1896 रोजी आर्थर रिचर्डसन हा तरुण एकटाच सायकलवर निघाला आणि 31 दिवसांनी पूर्वेकडच्या अ‍ॅडिलेडला पोहोचला. वाटेतले नलारबरचे मैदान सायकलवरून ओलांडणारा तो पहिला.

नलारबर या लॅटिन नावाचा अर्थच ‘झाड नाही’ असा आहे. जमीन चुनखडीची, पडेल तो पाऊस भेगांतून खाली जातो, नदी-ओढा दृष्टीस पडत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर हा तिकडचा उन्हाळा. दिवसा अंग भाजते, आणि कोरड्या हवेमुळे रात्री जमीन झपाट्याने निवते. रिचर्डसनजवळ थोडेसे सामान आणि पाण्याची एक पिशवी होती. तिकडची जाड कापडाची पिशवी आपल्या माठासारखी असते: पाणी झिरपते, हवेत उडून जाते, म्हणून आतले गार राहते. मात्र हा गारवा मिळतो तो थोडे पाणी गमावूनच. अशा माळावर एकट्याने पाठ टेकणाऱ्याच्या धैर्याला मी उणे म्हणणार नाही.

पण त्याला वाट कोणी दाखविली? तारेच्या खांबांनी. पर्थ आणि अ‍ॅडिलेड यांना जोडणारी ही तार 1875 ते 1877 या काळात मजुरांनी खांब पुरून उभी केली होती. वाटेवर यूक्ला हे तारठाणे होते. दोन वसाहतींची मोर्स लिपी वेगवेगळी. म्हणून एका बाजूचा कारकून संदेश कागदावर उतरवी, टेबलापलीकडच्या कारकुनाच्या हाती देई, आणि तो पुढे पाठवी. ओसाड किनाऱ्यावर या माणसांनी वर्षानुवर्षे असे काम केले. त्यांना कोणी साहसी म्हटले नाही.

आणि पाणी? एडवर्ड आयर हा प्रवासी 1841 साली याच किनाऱ्याने गेला, तेव्हा वाळूच्या टेकड्यांत कोठे खणावे हे त्याला तिथल्या मूळ रहिवाशांनी दाखविले. याची परतफेड कशी झाली तेही ऐका. रिचर्डसन निघाला त्याच 1896 साली डेव्हिड कार्नेगी कूलगार्डीहून उंट घेऊन उत्तरेच्या वाळवंटात शिरला. त्याने मूळ रहिवाशांना पकडून बांधून ठेवले आणि तहानेने पाण्याकडे नेतील म्हणून खारे मांस खाऊ घातले. हे त्याने 1898 च्या आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवले आहे.

सोन्याच्या मुलखात धान्य आणि सामान पोहोचविले उंटवाल्यांनी. तिकडे त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. त्यांत बलुची, पंजाबी, सिंधीही होते. अनेक जण आणि त्यांचे उंट कराची बंदरातून गेले, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती. पुढे 1901 साली ऑस्ट्रेलियाने कायदा केला: येऊ पाहणाऱ्याला कोणत्याही युरोपीय भाषेत 50 शब्दांचे श्रुतलेखन घालावे, आणि नापास झाल्यास परत पाठवावे. नको असलेल्या माणसाला न येणारी भाषा निवडली की काम भागत असे.

आता घरचीच गोष्ट सांगितली पाहिजे. या धोरणाला तिथल्या कामगार पक्षाचा आणि कामगार संघटनांचा जोरदार पाठिंबा होता. स्वस्त मजूर आला की आपली मजुरी पडते, ही भीती खोटी नव्हती. उपाय मात्र चुकीचा होता. उंटवाल्यालाही तोच रोज द्या, अशी मागणी करायची सोडून त्यांनी दारच लावून घेतले. परक्यांना नावे ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. एका कारखान्यात परगावचे मजूर आणले, तेव्हा ‘हाकला त्यांना’ असा आवाज आमच्याही सभेत उठला होता. व्यासपीठावर मी होतो, आणि त्या दिवशी मी गप्प बसलो.

नलारबरवरून जाणारा रस्ता 1976 साली पुरता डांबरी झाला. आज कोणीही मोटार घेऊन एकटा जातो, रस्त्याकडेला तंबू ठोकतो, तारे पाहतो. यूक्लाच्या जुन्या तारठाण्याच्या भिंती वाळूत रुतल्या आहेत. त्याने जरूर एकटे जावे. माणसाला एकांत हवाच. मात्र रात्री पाण्याचा घोट घेताना, या वाटेवरचे पाणी आधी कोणाला ठाऊक होते आणि त्यांचे पुढे काय झाले, एवढे त्याने स्वतःला विचारावे.