गाणाऱ्या घरातली राधिका वागळे

मंडळी, आज थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या फार नाहीत. विषय आहे भारती आचरेकर, म्हणजे तुमच्या-माझ्या पिढीच्या राधिका वागळे. आणि त्यांच्या निमित्ताने एक प्रश्न, जो आमच्या घरात अधूनमधून डोकं वर काढतो: शिकलेलं गाणं गायलं नाही, तर ते जातं कुठे?

आधी आमच्या कन्नडची पार्श्वभूमी. औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) चाळीसगावच्या रस्त्याने निघालं की घाटाच्या अलीकडे लागतं ते कन्नड. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं खरं, पण ते मुंबईचं आणि पुढे पुण्याचं. 'चिमणराव'सारखी मराठी मालिका तिकडची मंडळी बघत होती तेव्हा आमच्याकडे रेडिओच राजा होता. ऐंशीच्या दशकात देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, ती मुख्यतः दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम दाखवायची. त्यामुळे गंमत अशी झाली, की आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पडद्यावरचं पहिलं आवडतं मराठी कुटुंब आलं ते हिंदी बोलत, दिल्लीमार्गे! अँटेना फिरवून फिरवून मुंग्या घालवायच्या आणि मग समोर यायचे श्रीनिवास वागळे आणि त्यांची बायको राधिका.

'वागळे की दुनिया' 1988 साली सुरू झाली. याच वर्षी 'महाभारत'ही सुरू झालं. एकीकडे ते युद्ध, आणि दुसरीकडे एका सेल्स क्लार्कचं महिनाअखेरीचं युद्ध. आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनवरून सुचलेली ही मालिका कुंदन शहांनी दिग्दर्शित केली. वागळे झाले अंजन श्रीवास्तव, जे बँकेत नोकरी करत इप्टाच्या नाटकांत काम करायचे. लक्ष्मणांच्या व्यंगचित्रातला कॉमन मॅन कधी बोलत नाही, तो नुसता बघतो. मालिकेत तसं चालणार नव्हतं. तिथे घर बोलायला हवं होतं, आणि त्या घराचा आवाज होता राधिकेचा.

तो आवाज आला कुठून? भारती आचरेकर म्हणजे माणिक वर्मांची मुलगी. माणिकताई मूळच्या पुण्याच्या दादरकर, जन्म 1926 चा. त्या हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने यांच्याकडे किराणा घराण्याचं गाणं शिकल्या. पुढे इतर घराण्यांच्या गुरूंकडूनही घेतलं. बायकांच्या जाहीर गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यात हिराबाईंचा मोठा वाटा होता, आणि ती वाट माणिकताईंनी रेडिओवरून थेट स्वयंपाकघरापर्यंत नेली. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, भावगीत सगळं. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवर झालेल्या 'गीतरामायणा'तही त्या गायल्या. 1974 ला पद्मश्री, 1996 मध्ये निधन. अमर वर्मा हे त्यांचे पती, उत्तर भारतीय. म्हणजे घरात मराठी आणि हिंदी दोन्ही. मुलींपैकी राणी वर्मा गायिका झाल्या, तर वंदना गुप्ते आणि भारती आचरेकर रंगभूमीवर गाजल्या.

आता जरा मागे जाऊ, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. 'वागळे की दुनिया'ची निर्मिती होती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. या त्याच दुर्गाबाई, ज्या 1932 साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या आणि स्वतःची गाणी स्वतः गायल्या. त्या काळी पडद्यावरच्या नायिकेला गावं लागायचंच, दुसरा मार्गच नव्हता. 1935 च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायन आणलं, आणि हळूहळू गाणारी वेगळी आणि दिसणारी वेगळी अशी वाटणी झाली. या वाटणीने आपल्याला एकाहून एक गायिका दिल्या, तक्रार नाही. पण गाणारी नटी नावाची जात त्यात विरत गेली. संगीत नाटकाने ती थोडीफार जपली, तेवढीच.

म्हणजे बघा, गात-गात पडद्यावर आलेल्या दुर्गाबाईंच्या संस्थेची मालिका, त्यात गायिकेची लेक, आणि ती लेक गाऊन नाही तर भाजीच्या हिशेबावरून नवऱ्याशी बोलून घराघरात पोचली!

परदेशात ही वाटणी इतकी पक्की झाली नाही. अमेरिकेत रीबा मॅकेंटायर नावाची कंट्री गायिका आहे. कंट्री म्हणजे त्यांच्याकडचं गावाकडचं, शेतमळ्यातलं गाणं. ओक्लाहोमाच्या या बाईंनी गाण्यात मोठं नाव कमावलं, आणि मग 2001 मध्ये त्यांच्याच नावाची विनोदी मालिका आली. ती 2007 पर्यंत चालली, आणि शीर्षकगीतही त्यांनीच गायलं. 2024 मध्ये त्या पुन्हा एका विनोदी मालिकेत आल्या. तिथे गाण्याची कीर्ती मालिकेच्या कामी आली. आपल्याकडे सुलोचना चव्हाणांच्या लावणीवर महाराष्ट्र डोलला, पण त्यांना मध्यवर्ती धरून एखादी घरगुती विनोदी मालिका काढावी, असं कुणाच्या मनात आल्याचं दिसत नाही. आपल्याकडे गाणारीने गावं आणि हसवणारीने हसवावं.

पण मला वाटतं, भारतीताईंच्या बाबतीत गाणं कुठे गेलं नाही. ते बोलण्यात उतरलं. राधिका कधी आरडाओरडा करत नाही. वाक्याच्या शेवटी किंचित थांबते, मग एक शब्द हळूच टाकते, आणि हशा तिथे येतो. ज्या कानाने लहानपणापासून आईचा रियाज ऐकला, त्याला सम कुठे यायची हे शिकवावं लागत नाही. विनोद म्हणजे तरी काय, समेवर येणंच की. त्याआधी विजया मेहतांनी बसवलेल्या अनिल बर्वे यांच्या 'हमीदाबाईची कोठी'तही त्या होत्या. ते नाटकच मुळी गाण्याची कोठी आणि तिचे पडते दिवस यांचं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे 2013 चा 'द लंचबॉक्स'. त्यात त्या देशपांडे आंटी आहेत, वरच्या मजल्यावरच्या. आख्ख्या चित्रपटात त्या एकदाही दिसत नाहीत. खिडकीतून टोपली खाली येते, मसाला येतो, सल्ला येतो, आणि येतो तो फक्त आवाज. अंथरुणाला खिळलेला नवरा, छताचा पंखा, वर्षानुवर्षांची सेवा, हे सगळं आपण केवळ त्या आवाजातून बघतो. 1988 मध्ये ज्यांचा चेहरा देशाला पाठ झाला, त्यांनी पंचवीस वर्षांनी चेहरा बाजूला ठेवून नुसत्या स्वरावर भूमिका उभी केली. माणिकताईंच्या रेडिओचीच ही पुढची पिढी नाही का?

2021 मध्ये वागळे पुन्हा आले, नव्या वाहिनीवर, नव्या पिढीसकट. सुमीत राघवन मुलगा झाला, आणि श्रीनिवास-राधिका आजी-आजोबा. नव्या मालिकेतला गोंगाट मला जरा जास्तच वाटला, पण राधिकाबाई बोलायला लागल्या की कान आपोआप तिकडे वळायचे.

आता घरचा प्रश्न. माझी आई गायची. लग्नाआधी रीतसर शिकली होती, मग कन्नडला आली आणि पेटी माळ्यावर गेली. मामा म्हणतो, "वाया गेलं सगळं." आई म्हणते, "काही वाया-बिया जात नाही रे." तिच्या हाका, तिचं गोष्ट सांगणं, शेजारणीची नक्कल करणं आठवलं की मलाही तिचं पटतं. पण लगेच मामाची बाजूही दिसते. भारतीताईंच्या आवाजाला नाटक मिळालं, दूरदर्शन मिळालं, सिनेमा मिळाला. आईच्या आवाजाला आम्ही पाच-सहा जण मिळालो. कला जिरते हे खरं, पण ती कुठे जिरावी हे बाईला ठरवता आलं पाहिजे, हेही तितकंच खरं. दुसरं वाक्य सोडून पहिलं म्हणणं ही आपली सोय झाली.

असो. नातेवाईक मंडळींपैकी कुणाकडे आईच्या गाण्याची जुनी कॅसेट असेल तर कळवा. पेटी मी माळ्यावरून काढली आहे. दोन सूर बसलेत, बाकी ठीक आहे.