लोखंडाची आठवण आणि तिचे माप

व्याख्यानाला येऊन बसल्याने पदरात काय पडते, असे कामगार वस्तीतले तरुण आम्हाला विचारतात. आमचे सारे शिक्षणच अशा व्याख्यानांत आणि सार्वजनिक वाचनालयांत झाले असल्यामुळे या प्रश्नाला तटस्थपणे उत्तर देणे आम्हाला जमत नाही. म्हणून आम्ही मायकेल फॅरडेकडे बोट दाखवतो. लोहाराचा हा मुलगा लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकायला गेला, टिपणे काढली, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे धाडली. पुढच्याच वर्षी त्या संस्थेत त्याला प्रयोगशाळेतील मदतनिसाची जागा मिळाली. आजच्या विषयाचा धागा या माणसापासून निघतो. पण आधी विषय कोणता ते सांगितले पाहिजे.

कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब पूर्वी जाडजूड खातेवहीत असे. आता असले हिशेब बहुधा संगणकाच्या फिरत्या चकतीवर असतात. त्या चकतीवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा एक पापुद्रा चढवलेला असतो. त्याची जाडी दहा-वीस नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. त्यातल्या सूक्ष्म कणांचे चुंबकत्व या दिशेला की उलट दिशेला, एवढ्यावर सारी नोंद उभी असते. हजेरीपटावरची खाडाखोड आम्ही पुष्कळ पाहिली. तिथे निदान शाईचा डाग तरी राहतो. या पापुद्र्याने आपले चुंबकत्व सोडले तर डागही उरायचा नाही. तेव्हा तो ते किती घट्ट धरून ठेवतो हे मोजणे, ही केवळ पंडितांची हौस नव्हे.

लोखंडाभोवती तारेचे वेटोळे घालून वीज सोडली की ते चुंबक होते. पण वीज बंद केल्यावर ते पूर्ववत होतेच असे नाही. काही चुंबकत्व मागे राहते आणि ते घालवायला उलट्या दिशेने जोर लावावा लागतो. १८८१ साली टोकियोत शिकवीत असलेल्या जेम्स आल्फ्रेड युइंग या स्कॉटिश अध्यापकाने या रेंगाळण्याला ग्रीक शब्दावरून ‘हिस्टेरिसिस’ हे नाव दिले. लावलेला जोर कागदावर आडवा आणि चुंबकत्व उभे मांडले की रेघेचा एक बंद फास तयार होतो. फास अरुंद, तर धातू चटकन विसरणारा. रुंद, तर हट्टी. नोंदीसाठी हट्टीच हवा, पण नवी नोंद लिहिताच येऊ नये इतका हट्टीही नको. वाटाघाटींना बसलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

जाड सळईचा फास काढणे सोपे. अडचण थरांची. १९५६ साली आय.बी.एम.ने आणलेल्या रॅमॅक यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, त्यांवर लोखंडाच्या ऑक्साइडचा लेप होता, आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे मावत. त्याच दशकात अमेरिकेत सायमन फोनर यांनी नमुना ध्वनिक्षेपकाच्या साहाय्याने थरथरवून शेजारच्या वेटोळ्यांत उमटणारी वीज मोजण्याची युक्ती काढली. ती आजही प्रयोगशाळांतून चालते. पण तीत थराबरोबर त्याच्या खालची काचही मापात येते. पापुद्रा जितका पातळ, तितका त्याचा आवाज क्षीण. काच मात्र होती तेवढीच जाड.

इथे फॅरडे परत येतात. प्रकाशाची कंपने एकाच पातळीत आणली म्हणजे त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. १३ सप्टेंबर १८४५ रोजी फॅरडे यांनी असा प्रकाश शिशाच्या जड काचेतून नेला आणि जवळ विद्युत्‌चुंबक ठेवला. कंपनांची पातळी किंचित वळली. प्रकाश आणि चुंबकत्व यांची गाठ त्या दिवशी प्रथम दिसली.

परंतु काच पारदर्शक, लोखंड तसे नाही. ही भिंत ओलांडली जॉन केर यांनी. हे मासळीच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव, ग्लासगोत शिक्षक तयार करणाऱ्या एका धर्मसंस्थेच्या विद्यालयात गणित शिकवीत. प्रकाश आत जात नाही ना, मग तो परतवून पाहू, असा त्यांचा सरळ विचार. विद्युत्‌चुंबकाचे टोक आरशासारखे घासून त्यावर त्यांनी ध्रुवित प्रकाश पाडला, आणि परतणारा किरण दुसऱ्या स्फटिकाने अडवून अंधार केला. वीज सोडताच त्या अंधारात मंद उजेड परत आला. १८७६ साली त्यांनी हे ग्लासगोच्या विद्वत्सभेत सांगितले. किरण वळतो तो एका अंशाच्या लहानशा भागाने, त्यामुळे पुष्कळ वर्षे याचा व्यवहारात फारसा उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो थर पातळ झाल्यावर. प्रकाश धातूत वीसेक नॅनोमीटरच शिरतो. जाड लोखंडाच्या बाबतीत हा दोष, पापुद्र्याच्या बाबतीत हाच गुण. तो वरचेच वाचतो, खालचे ओझे मापात फारसे येत नाही. १९८५ साली शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत मूग आणि बेडर यांनी सोन्यावर लोखंडाचे अणू-दोन अणू जाडीचे थर चढवले आणि त्यांचे फास नुसत्या परतलेल्या प्रकाशावरून काढले. त्या पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘स्मोक’, म्हणजे धूर, असा शब्द होतो; शास्त्रज्ञांनाही विनोद वर्ज्य नसतो.

पुढे जर्मनीत युलिश येथे पेटर ग्रुनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडाच्या दोन थरांमध्ये क्रोमियमचा पापुद्रा घातला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात केर यांच्या रीतीने काढलेले फास आणि त्याच नमुन्याचा विजेला होणारा विरोध, ही दोन्ही मापे दिली आहेत. दोन थर परस्परांविरुद्ध तोंड करून असतात तेव्हा विरोध वाढतो, एका दिशेला वळले की घटतो. फ्रान्समध्ये आल्बेर फेर यांनाही स्वतंत्रपणे हेच सापडले होते. २००७ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९९७ साली, या तत्त्वावर चकती वाचणारी यंत्रे विक्रीला आली होती. केर मात्र १९०१ पर्यंत त्याच विद्यालयात गणित शिकवीत राहिले.