टीबीच्या वॉर्डात सापडलेले नैराश्याचे औषध

"डॉक्टर, डिप्रेशनची गोळी चालू आहे. त्यावर अँटिबायोटिक चालेल ना?" पाम, बोईसर, पालघर, कुठेही विचारला जाणारा हा प्रश्न. बहुतेक वेळा उत्तर 'हो' असेच असते. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, डॉक्सिसायक्लिन यांचे नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांशी सहसा भांडण नाही. पण काही जोड्या जपून द्याव्या लागतात. त्यामागचे कारण समजायला ७० वर्षे मागे जावे लागेल.

सी व्ह्यू रुग्णालय, १९५२

आयसोनियाझिड हे रसायन १९१२ मध्येच प्राग येथे तयार झाले होते. ते टीबीच्या जंतूला मारते हे कळायला मात्र आणखी ४० वर्षे लागली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात ते आणि त्याचे भावंड इप्रोनियाझिड टीबीच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले. रुग्णांची भूक वाढली, वजन वाढले. शिवाय खाटेला खिळलेली माणसे हसू-बोलू लागली, वॉर्डात नाचू लागली.

त्याच वर्षी झेलर या शास्त्रज्ञाने दाखवले की इप्रोनियाझिड शरीरातील 'मोनोअमाइन ऑक्सिडेज' हे एन्झाइम अडवते. सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन अशी मनःस्थितीशी संबंधित रसायने मोडण्याचे काम हे एन्झाइम करते. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी हे औषध नैराश्याच्या रुग्णांना दिले. नैराश्यावरच्या पहिल्या आधुनिक औषधांपैकी एक असे टीबीच्या वॉर्डातून आले. यकृताला इजा होत असल्याने १९६१ मध्ये ते अमेरिकेत बंद झाले.

तेच एन्झाइम, नवे अँटिबायोटिक

२००० मध्ये अमेरिकेत लिनेझोलिड हे अँटिबायोटिक मंजूर झाले. तेही हेच एन्झाइम अडवते, फक्त सौम्यपणे.

मोरीला पाणी जायच्या दोन वाटा आहेत असे समजा. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या सेरोटोनिनची एक वाट अडवतात, लिनेझोलिड दुसरी. दोन्ही तुंबल्या तर सेरोटोनिन साचते. मग खूप घाम, थरथर, स्नायूंना झटके, जुलाब, ताप, धडधड, अस्वस्थता अशी लक्षणे दिसू शकतात. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने याबाबत इशारा दिला. पुढे २०२२ मध्ये कॅनडातील ओंटारिओत लिनेझोलिड घेतलेल्या १,१३४ वृद्धांचा अभ्यास झाला. त्यात हा त्रास अर्ध्या टक्क्याहूनही कमी जणांत आढळला. म्हणजे धोका खरा आहे, पण विरळ.

आपल्याकडे हे आता का महत्त्वाचे?

२०२४ मध्ये भारताने औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सुमारे ६ महिन्यांचा उपचार मंजूर केला. म्हणजे लिनेझोलिड आठ-दहा दिवस नव्हे, कित्येक महिने पोटात जाते. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर परिणाम करतात. एस्सिटॅलोप्रामही तसेच करते, म्हणून ईसीजी लागतो. साध्या टीबीतील रिफॅम्पिसिनचे उलट आहे. ते सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण घटवते आणि गेलेली उदासी परत येऊ शकते.

आणखी एक गोष्ट किनाऱ्यावरच्या लोकांसाठी. आयसोनियाझिड चालू असताना बर्फावर नीट न ठेवलेला बांगडा किंवा कुपा खाल्ल्यास चेहरा लाल होणे, डोके दुखणे, धडधड असा त्रास होऊ शकतो. श्रीलंकेत १९७० च्या दशकात असे रुग्ण नोंदले गेले. ताजी मासळी जरूर खा. लिनेझोलिड चालू असताना मात्र खूप मुरलेले, आंबवलेले किंवा सुकवलेले पदार्थ भरपूर खाऊ नका.

काय करावे?

मनाच्या आजाराची फाइल एका डॉक्टरकडे आणि टीबीची दुसरीकडे असते. 'लोक काय म्हणतील' म्हणून पहिली फाइल लपवली जाते. खरा धोका तिथे आहे. सर्व गोळ्यांची पाकिटे एकाच पिशवीत घालून दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. नैराश्य उलटले तर टीबीच्या गोळ्याही सुटतात. काही जोड्या बदलता येतात, काही लक्ष ठेवून देता येतात. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही सुमारे ५ आठवडे शरीरात असर ठेवते, त्यामुळे हा बदल डॉक्टरांनीच आखायचा असतो. वर दिलेली लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.