धरणाखालची नदी आणि पाहुणा मासा



तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस मासेमारीवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. रास्तच आहे. मी शाकाहारी, आणि गळ कधी हातात धरलेला नाही. पण दहा-बारा वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा जावई मला ॲरिझोना राज्यातल्या लीज फेरी या ठिकाणी घेऊन गेले. त्यांना ट्राउट मासे धरण्याचा नाद. नदी कोलोराडो. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ तांबूस रंगाची. माझ्यासमोर मात्र बाटलीच्या काचेसारखं हिरवं, नितळ पाणी वाहत होतं. काठावर बसून पाय पाण्यात सोडले आणि लगेच वर घेतले. डोक्यावर रणरणतं ऊन आणि पाणी फ्रिजमधलं असावं तसं! जरा खालच्या अंगाला पारिया नावाची लहान नदी येऊन मिळते. तिचं पाणी चिखलासारखं गढूळ. जावई म्हणाले, "बाबा, पूर्वी ही सगळी नदीच अशी होती."

या वाक्याने मला कामाला लावलं. परत आल्यावर वाचत गेलो, आणि लक्षात आलं की एका माशाच्या निमित्ताने 'निसर्ग' या शब्दाची चांगलीच परीक्षा झाली आहे. तो इतिहास आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी दोन गोष्टी समजावून घेऊ. पहिली, फ्लाय फिशिंग म्हणजे काय. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. इथे तसं नाही. बारीक गळावर दोरा, पीस, केस गुंडाळून किड्याची हुबेहूब नक्कल करायची, आणि ती अशी पाण्यावर सोडायची की माशाला ती खरी वाटावी. नकलेला वजन नसतं, म्हणून दोरीच वजनदार असते आणि काठीच्या झोक्याने ती दोरी फेकतात. म्हणजे या माणसाला माशाइतकंच किड्यांचंही ज्ञान लागतं. कोणता किडा कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी पाण्यावर येतो, हे त्याला पाठ असतं. लीज फेरीला तर खरं आमिष वापरायलाच बंदी आहे, आणि गळाला उलटा काटा चालत नाही. जावयांनी दिवसभरात चार मासे धरले आणि चारही सोडून दिले. मला त्याचं हसू आलं होतं. आता येत नाही.

दुसरी गोष्ट, धरणाखाली ट्राउट का वाढतो. ट्राउटला थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. लीज फेरीच्या वर साधारण पंचवीस किलोमीटरवर ग्लेन कॅन्यन धरण आहे. उंची 216 मीटर. 1963 च्या मार्चमध्ये त्याची दारं बंद झाली आणि मागे लेक पॉवेल हा जलाशय भरू लागला. तो काठोकाठ भरायला 1980 साल उजाडलं. खोल जलाशयात पाण्याचे थर पडतात: वरचं पाणी उन्हाने तापतं, तळचं गारच राहतं. वीजघराकडे जाणारे नळ भरलेल्या जलाशयाच्या पृष्ठभागाखाली सुमारे सत्तर मीटरवर आहेत. त्यामुळे टर्बाइनमधून बाहेर पडणारं पाणी बारा महिने आठ-दहा अंशांच्या आसपास असे. गाळ जलाशयातच बसतो. पूर्वी ही नदी हिवाळ्यात गोठणबिंदूजवळ जायची, उन्हाळ्यात पंचवीस अंशांच्या वर चढायची, आणि वसंतात वरचा बर्फ वितळला की तिला प्रचंड पूर यायचा. एका धरणाने हे तिन्ही बदललं: ताप, गाळ आणि पूर. नितळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचला, शेवाळ वाढलं, त्यावर बारीक किडे आणि झिंग्यासारखे जीव वाढले. 1964 मध्ये तिथे रेनबो ट्राउट सोडण्यात आला. तो असा माजला की सत्तरच्या दशकात देशभरातून लोक यायला लागले.

अशा नदीला इंग्रजीत टेलवॉटर म्हणतात. आपण 'धरणपायथ्याची नदी' म्हणू. अमेरिकेत अशा अनेक आहेत: न्यू मेक्सिकोतली सॅन वान, मोंटानातली बिगहॉर्न, आर्कन्सातली व्हाइट रिव्हर. ट्राउटवाल्यांच्या नकाशावर ही तीर्थक्षेत्रं आहेत. आणि यांतली बहुतेक माणसाने घडवलेली आहेत, हे तिथे उभं राहून जराही जाणवत नाही.

आता इतिहासाकडे येऊ. ट्राउट इथला नव्हे. रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांचा. 1870 च्या दशकापासून कॅलिफोर्नियातून त्याची अंडी देशभर पाठवली गेली. ब्राउन ट्राउट तर 1883 मध्ये जर्मनीहून आला. कोलोराडोच्या खोऱ्यातले मूळ रहिवासी वेगळेच. गढूळ पाण्यात, पुरात तगून राहायला घडलेले. कोलोराडो पाइकमिनो हा मासा सहा फुटांपर्यंत वाढायचा. रेझरबॅक सकर, बोनीटेल, आणि पाठीवर कुबड असलेला हंपबॅक चब. हा चब इतक्या अवघड घळींत राहतो की शास्त्राने त्याला नाव दिलं ते 1946 मध्ये, रॉबर्ट रश मिलर यांनी.

नाव मिळून सोळा वर्षं होतात न होतात तोच 1962 चा सप्टेंबर आला. कोलोराडोची उपनदी ग्रीन रिव्हर. तिच्यावर फ्लेमिंग गॉर्ज धरण पुरं होत आलं होतं. नव्या जलाशयात आणि खालच्या थंड पाण्यात ट्राउट सोडायचे होते, आणि आधीचे मासे त्याच्या आड येतील अशी समजूत होती. त्यांना इंग्रजीत 'ट्रॅश फिश' म्हणत, म्हणजे कचरा मासे. वायोमिंग आणि युटा या राज्यांच्या मत्स्यखात्यांनी ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्यांच्या जवळजवळ सातशे किलोमीटर पात्रात रोटेनोन सोडलं. रोटेनोन हे काही वनस्पतींच्या मुळांतलं विष. आपल्याकडेही डबक्यात झाडपाला टाकून मासे गुंगवण्याची रीत आहेच. पण तिथे डबकं नव्हतं, अख्खी नदी होती. विष खाली जाऊ नये म्हणून एका पुलापाशी पोटॅशियम परमँगनेट मिसळून ते मारायची योजना होती. ती पुरी पडली नाही. विष डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत पोचलं.

मिलर आणि त्यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी आधीपासून विरोध केला होता. मोठा गदारोळ झाला. केंद्रीय मंत्री स्ट्यूअर्ट युडॉल यांनी पुढच्या वर्षी आदेश काढला की यापुढे असं काही करण्यापूर्वी दुर्मीळ जातींना धोका आहे का, हे तपासलं पाहिजे. 1967 मध्ये अमेरिकेने धोक्यातल्या प्राण्यांची पहिली यादी केली, त्यात हंपबॅक चब होता. 1973 मध्ये मोठा कायदा झाला. म्हणजे पाहा, कचरा म्हणून ज्याला मारलं, त्याला अकरा वर्षांत कायद्याचं संरक्षण मिळालं. मासा तोच होता. बदलली ती पाहणाऱ्याची नजर.

इथवर गोष्ट सोपी वाटते: देशी मासा चांगला, परका वाईट, धरण दुष्ट. पुढे ती अवघड होते. म्हणूनच मी ती निवडली.

फ्लेमिंग गॉर्जखालचं पाणी इतकं गार निघालं की ट्राउटचीही वाढ खुंटली. मग 1978 मध्ये धरणाला अशी सोय बसवली की वरच्या थरातलं कोमट पाणी घेता यावं. नदीचं तापमान आता नळाच्या तोटीसारखं वरखाली करता येऊ लागलं. ॲरिस्टॉटल म्हणतो की नैसर्गिक वस्तूच्या गतीचं मूळ तिच्यातच असतं आणि घडवलेल्या वस्तूचं बाहेर, कारागिरात. या कसोटीवर ही नदी कुठे बसते? पाणी उतारावरून आपसूक वाहतं. पण किती, केव्हा, किती गार, हे वीजघरातला माणूस ठरवतो. फीनिक्स शहरात दुपारी एसी सुरू झाले की विजेची मागणी वाढते, पाणी जास्त सुटतं. रात्री कमी होतं. नदीला भरती-ओहोटी येते, आणि तिचा चंद्र म्हणजे विजेची मागणी!

याचा किड्यांवर काय परिणाम होतो, ते 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. बरेच जलकीटक संध्याकाळी काठाच्या दगडांवर, पाण्याच्या रेषेजवळ अंडी घालतात. पाणी उतरलं की अंडी उघडी पडून वाळतात. म्हणून या नदीत किड्यांच्या कित्येक जाती जवळजवळ नाहीतच. 2018 पासून काही उन्हाळे शनिवार-रविवार पाणी कमी पण स्थिर ठेवून पाहिलं, किड्यांना उसंत मिळावी म्हणून. फ्लाय बांधणाऱ्या माणसाचं पीस आणि फीनिक्समधला एसी यांचा असा थेट संबंध आहे.

1996 मध्ये धरणातून सात दिवस मुद्दाम पूर सोडला, वाळूचे काठ पुन्हा घडावेत म्हणून. मंत्री ब्रूस बॅबिट यांनी स्वतः व्हॉल्व्ह उघडला. पुढे असे पूर पुन्हा सोडले. 2008 च्या पुराने तळचे गोटे धुऊन निघाले आणि ट्राउटची पिल्लं भरमसाट वाढली. पूर आणला होता जुनी नदी परत यावी म्हणून, फावलं पाहुण्याचं.

दरम्यान चबची संख्या घटत होती. कारणं अनेक होती, पण ट्राउट त्याची पिल्लं खातो आणि अन्नातही वाटेकरी होतो, हा एक संशय होता. लिटल कोलोराडो ही उबदार पाण्याची उपनदी चबचं मुख्य माहेर. ती जिथे मोठ्या नदीला मिळते त्या संगमाजवळ 2003 ते 2006 या काळात पाण्यात वीज सोडून हजारो ट्राउट काढले आणि मारले.

या ठिकाणी माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आवाज ऐकू येतो. झुनी हे तिथले मूळ रहिवासी लोक. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज याच घळीतून जगात आले, आणि पुढच्या प्रवासात नदी ओलांडताना हातून निसटलेली मुलं जलचर झाली. तेव्हा पाण्यातले जीव त्यांचे आप्त. त्यांनी हरकत घेतली. चबचं रक्षण व्हावं हे त्यांनाही मान्य होतं. पण पवित्र जागी एवढी हत्या, तीही माणसाने स्वतः आणून सोडलेल्या जिवांची, हे त्यांना पटेना. ट्राउट परका असेल, पण तो आपल्या पायांनी आला नव्हता. सरकारी यंत्रणेला हे ऐकावं लागलं. पुढे काढलेले मासे वाया न घालवता खाण्यासाठी द्यायचे, शक्य तिथे मारणं टाळायचं, असे नियम आले.

मला वाटतं, आपण तत्त्वज्ञानवाले 'नैसर्गिक की कृत्रिम' या प्रश्नात गुंततो आणि खरा प्रश्न सुटून जातो. नदी नैसर्गिक असती तर हा वाद आपसूक मिटला असता का? धरण तर राहणारच आहे. त्याच्याखाली आता चबही माणसाच्या हातावर जगतो आणि ट्राउटही. तेव्हा विचारायचं ते हे: हा बदल कोणी केला, कोणासाठी केला, कोणाला विचारलं नाही, आणि ज्यांना आपण या अवस्थेत आणलं त्यांचं आपण काय देणं लागतो? झुनींनी हाच प्रश्न विचारला.

गोष्ट अजून संपलेली नाही. गेल्या दोन दशकांच्या दुष्काळात लेक पॉवेल खाली गेला. 2022-23 मध्ये तो पाव भागही भरलेला नव्हता. वरचं कोमट पाणी नळांपर्यंत आलं. ट्राउटचे हाल सुरू झाले. खालच्या भागात चबला ती ऊब मानवली. 2021 मध्ये त्याचं वर्गीकरण एक पायरी सौम्यही झालं होतं. पण कोमट पाण्याबरोबर धरणातून स्मॉलमाउथ बास हा आणखी एक परका, खादाड मासा खाली आला. 2022 च्या सप्टेंबरमध्ये लीज फेरीच्या वरच्या एका डबक्यात तो मारण्यासाठी विष सोडलं. कोणतं? रोटेनोन. बरोबर साठ वर्षांनी, तोच महिना, तेच विष. तेव्हा देशी मासे मारायला, आता त्यांना वाचवायला.

आता कोणी म्हणेल, हे सगळं तिकडचं. तसं नाही. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला 'खुद्री' हे नाव दिलं. हा आपला निळसर परांचा महसीर. पुढे तो कमी होत गेला, तेव्हा 1970 च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला, आपल्याच धरणाच्या पाण्यावर, त्याची पैदास सुरू केली. काम मोलाचं होतं, हेतू शुद्ध होता. तिथली पिल्लं इतर राज्यांत गेली, कर्नाटकातही गेली. कावेरीत गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनाही मासे हवेच होते. पण कावेरीचा स्वतःचा महसीर होता, नारिंगी परांचा, आणि योगायोग पाहा, तोही कुबडाचा. नवा महसीर फोफावला, जुना हटत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणंही आहेतच. 2018 मध्ये कावेरीचा तो मासा अतिसंकटग्रस्त ठरला. म्हणजे मुळा-मुठेचा देशी मासा कावेरीत परका झाला. देशी आणि परका हे माशाचे गुण नव्हेत; ते मासा आणि नदी यांच्यातलं नातं आहे. आणि चांगला हेतू असला म्हणून हिशेब चुकत नाही.

जावई पुढच्या खेपेला आले, तेव्हा त्यांना विचारलं, "मासा सोडून देता, मग धरता कशाला?" ते थोडं थांबून म्हणाले, "बाबा, धरल्याशिवाय नदीत काय चाललंय ते कळत नाही." उत्तर पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. माशाला विचारलं तर तो वेगळं सांगेल. पण अमेरिकेत या नद्यांच्या पाण्यावर, किड्यांवर, तापमानावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणाऱ्यांत हे गळवाले पुष्कळ आहेत. आपल्या गावाजवळच्या धरणाखाली नदीत काय उरलं आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी उतरून पाहिलं आहे? आज इथून जाताना हा प्रश्न घेऊन जा.

बाकी प्रश्नोत्तरांत बोलू.